वरच्या चेंबरवर तू, खालच्या चेंबरवर मी

"पाय काढा! ओ मिस्त्री, पाय काढा म्हणते ना! खाऊन टाकील ते मशीन तुम्हाला!"

कमलमावशी ओरडत होती. सिंधीपुऱ्यातली, घरात चार माग असलेली, जिची नाली दर दोन-तीन महिन्यांनी तुंबते तीच. घराला आग लागली तरी हातातली सुताची कांडी पुरी भरल्याशिवाय जी जागची हलणार नाही, ती बाई उभी राहून ओरडत होती, लोटन. आणि मी पेडलवर पाय दाबून असा उभा, जणू मला चौकात बसवलंय आणि खाली नाव कोरायचं तेवढं बाकी आहे. समोर मशीनची लांब लोखंडी स्प्रिंग नालीच्या तोंडाशी उठली. आधी हातभर, मग माणसाएवढी, मग, तुला खोटं कशाला सांगू, शेडच्या पत्र्याला जाऊन टेकली. अजगर होता तो. फणा काढलेला अजगर. अजगराला फणा नसतो हे मलाही माहीत आहे, याला होता.

पण थांब, हे मधूनच झालं. मी सांगायला लागलो की तू चहाच्या ग्लासात बघत हळूच "पुढं?" म्हणायचास. आता ते म्हणायला कुणी नाही, तर माझी गोष्ट कुठंही चालू होते आणि कुठंही अडकते. तुझं तेरावं झालं. जसोंडीचे तुझे चुलतभाऊ गेले, मांडवाचे बांबू गेले, ओसरीवर नाल्या मोकळ्या करायचं तुझं मशीन तेवढं राहिलं. सुमनवहिनीनं त्याच्यावर तुझी धुतलेली चादर टाकून ठेवलीय. परवा त्या चादरीकडे मी जरा जास्त वेळ बघितलं आणि मला वाटलं, आतून कुणीतरी श्वास घेतंय. घामच फुटला. हे कुणाला सांगू नकोस.

वहिनीनं त्याच्यासाठीच बोलावलं होतं. पाणी ठेवलं, समोर बसली आणि म्हणाली, "भाऊजी, खंडव्याचा एक माणूस मशीन मागून राह्यला. तुम्ही चालवणार असाल तर राहू देते. नाहीतर देऊन टाकते. मला बी घर चालवायचंय ना."

"चालवणार का म्हणजे? वहिनी, ते मशीन मी डोळे मिटून चालवीन!"

"डोळे उघडे ठेवूनच चालवा," ती म्हणाली. "आणि नक्की काय ते एक-दोन दिवसांत सांगा. तो माणूस थांबणार नाही."

मी छाती काढून बाहेर पडलो आणि गल्लीच्या कोपऱ्यावर वळल्याबरोबर भिंतीला टेकलो. सगळ्या बुऱ्हाणपुरात मशीनचा उस्ताद म्हणून माझं नाव. आणि त्या मशीनच्या पेडलवर माझा पाय तोवर एकदाही पडलेला नव्हता, हे फक्त दोघांना माहीत. त्यातला एक तू.

मशीन घ्यायचं डोकं कुणाचं, यावरून आपण किती भांडलो. मी अजून म्हणतो, माझं. इंदूरच्या त्या दुकानात ते पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी तुला काय म्हणालो होतो? म्हटलं, लोटन, घराला नवी लाईन एकदाच टाकतात, पण ती तुंबते जन्मभर. नळाच्या तोट्या बसवून मोठा झालेला एक प्लंबर मला दाखव. आपण तोवर बांबूच्या कामट्या तारेनं जोडून नालीत घालत होतो. कामटी आत मोडली की तेजाब ओतायचं, तेजाबानं भागलं नाही की फरशी फोडायची, आणि फरशी फोडली की त्या घरातल्या बाईच्या शिव्या खायच्या. दोन दिवस जायचे, हाती काही लागायचं नाही आणि ते घर पुन्हा आपल्याला बोलवायचं नाही. मी म्हटलं, हे मशीन अर्ध्या तासात मोकळं करील, दुपारपर्यंत तीन घरं करू, आणि फरशीला हात नाही. तू सगळं ऐकून घेतलंस आणि दुकानदाराला एकच विचारलंस, "हे असलं तर चेंबरमध्ये माणसाला उतरावं लागत नाही ना?"

कारण त्याच्या आदल्या आठवड्यात राजपुऱ्यातल्या लॉजच्या चेंबरमध्ये तू कमरेपर्यंत उतरला होतास. कामटी अडकली म्हणून. वर आलास तेव्हा तुझे ओठ निळसर झाले होते आणि तू बराच वेळ नुसता पायरीवर बसून राहिलास. मी त्यावरही गोष्ट रचली, खाली तुला मगर दिसली म्हणून. लोक हसले. तू नाही हसलास. म्हणजे मशीन मी कमाईसाठी घेतलं, तू कुणी उतरू नये म्हणून घेतलंस, आणि दोघांनाही वाटत राहिलं की दुसऱ्याला आपण पटवलं.

आणि कमाई झाली की नाही, सांग. वर्ष पुरं व्हायच्या आत ते मशीन आपल्याला पोसायला लागलं. लॉजवाले, दोन मंगल कार्यालयं, पोरींचं हॉस्टेल, सगळे वर्षाच्या बोलीवर आले. तुंबलं की बोलवा, नाही तुंबलं तरी दर तिमाहीला येऊन स्प्रिंग फिरवून जातो. नुसत्या नळजोडणीवर असा भरवसा कुठं मिळतो? अडचण एकच झाली. काम अर्ध्या तासात उरकलं की मालकाचं तोंड पडायचं. "एवढ्यातच झालं? मग एवढे कशाचे?" दोन दिवस घाम गाळला की त्यांना पैसे देववायचे, आणि आता नाली पहिल्यापेक्षा चांगली निघाली तरी देववेनात. मग मी नाली मोकळी झाल्यावरही मशीन तसंच रिकामं घुरघुरवत ठेवायला सांगायचो. मालक आवाज ऐकत समाधानानं मान हलवायचा.

"फुकट लाईट काहून जाळतो रे भो?" तू आतून ओरडायचास.

"जळू दे! त्यांच्या मनातली शंका जळतेय!"

पहिल्या खेपेला आपली फजिती झाली ती मात्र आपल्याच गावात होऊ शकते. इंदूरच्या माणसानं शिकवलं होतं, स्प्रिंग घाला, फिरवत राहा, आतली चिकट घाण फुटून वाहून जाते. आपण सिंधीपुऱ्यात घातली आणि फिरवत राहिलो. आता मागवाल्याच्या नालीत काय असतं? सूत आणि कांजीचं पाणी. स्प्रिंगनं ते सगळं सूत स्वतःभोवती गुंडाळून घेतलं. ओढायला गेलो तर पुढं जाईना, मागं येईना. शेवटी निघाली तेव्हा मांडीएवढा दोर निघाला, पांढरा, कांजीनं कडक झालेला. मी सांगतो त्या गोष्टीत त्या दोरानं आपण तापीत फसलेला ट्रक ओढून काढला. इंदूरला फोन केला तर तो विचारतो, "पण नालीत सूत येईलच कसं?" तू फोन माझ्या हातात देऊन बाहेर जाऊन हसत बसलास. मग आपण आपली रीत बसवली. जरा फिरवायचं, थांबायचं, ओढायचं, केळी कापायच्या विळ्यानं सूत कापायचं, पुन्हा घालायचं. गावातल्या दुसऱ्या कुणाला ती जमली नाही म्हणून तर कामं आपल्याकडे आली.

आणि रीत म्हणजे ती दुसरी. वरच्या चेंबरवर तू, मशीनजवळ. खालच्या चेंबरवर मी, बहुतेक वेळा मागच्या गल्लीत, मध्ये दोन-तीन घरं. तू तिकडून "येतेय!" म्हणायचं, मी इकडं स्प्रिंगचं तोंड दिसलं की "आली!" म्हणून बोंब मारायची, की तू पाय उचलायचा. इतकी वर्षं आपण एकत्र काम केलं आणि चालू मशीनजवळ उभा असलेला तू मला एकदाही दिसला नाहीस. नुसता आवाज. एकदा मी म्हटलं, चल, आज बदलू, मी वर थांबतो. वर तोंडानं म्हटलं, आतून देवाला विनवत होतो की हा नाही म्हणू दे. तू म्हणालास, "तू खालीच बरा. तुझा आवाज मोठा." मला ते इतकं आवडलं की महिनाभर मी दुकानात, लग्नात, मयतीत, सगळीकडे जोरातच बोललो.

तुझ्या मनगटाला ती खूण होती ना, बांगडीसारखी, गोल. विचारलं तर म्हणालास, मांजर. असलं मांजर मी पाहिलेलं नाही. मला कळत होतं, स्प्रिंगनं हात धरला असणार. आणि मी मनात म्हणायचो, काय छातीचा माणूस आहे, हात पिरगाळला तरी याचा आवाज तसाच येतो, "येतेय!" तीच खूण मग मला माझ्या मनगटावर दिसायला लागायची. म्हणून मी गोष्टी सांगायचो, लोटन. भीती वाटली की माझं तोंड सुटतं. चहाच्या टपरीवर मी सांगायचो की सिंधीपुऱ्यात घातलेली स्प्रिंग असीरगडावर निघाली, तिथल्या माकडानं तिचं तोंड धरलं, आणि इकडून मी, तिकडून ते, अशी खेचाखेच चालली. गोष्टीत स्प्रिंग कायम माझ्या हातात. तू शेजारीच बसलेला. एका शब्दानं माझा फुगा फुटला असता. लोक तुझ्याकडे बघायचे, खरं का म्हणून, तर तू ग्लास खाली ठेवून म्हणायचास, "माकड मोठं होतं."

ह्याच्याबद्दल तुला कधी काही म्हटलं नाही मी. कसं म्हणतात तेही माहीत नाही. आज म्हणतो. तू माझी लाज झाकलीस आणि वर माझ्यासाठी माकडही मोठं केलंस.

आणि ते भांडण राहिलंच. मला आता पाण्याच्या दाबाचं मोठं मशीन पाहिजे होतं, गाडीवर बसवलेलं. म्हटलं, लॉजचं काम करतो तसं गिरण्यांचं करू, बाजाराचं करू, खंडवा, भुसावळ, सगळीकडे जाऊ. लोकांना शेत दिसतं, सोनं दिसतं, मला तुंबलेली नाली दिसते आणि तिच्यातून कमाई वाहताना दिसते. तू ऐकेचनास. "आधी एक माणूस घेऊ," तुझं एकच टुमणं. "मशीनजवळ दोघं पाहिजेत."

"दोघं? स्प्रिंग ढकलायला दोघं? लोटन, तू म्हातारा झालास का, पाय दाबून घ्यायला माणूस पाहिजे?"

"दोघं पाहिजेत."

"भुताची भीती वाटते काय एकट्याला?"

टपरीवरचे सगळे हसले. तूही हसलास. मग म्हणालास, "तसं नाही रे भो, ते काय आहे..." आणि फोन वाजला. कुणाच्यातरी मोरीत पाणी तुंबलं होतं. आपण उठलो. त्या "काय आहे"च्या पुढं काय होतं, यावर मी तुझ्या चितेपासून आजपर्यंत डोकं खातोय. माणूस गेल्यावर त्याचे मोठे शब्द आठवावेत. मला तुझं अर्धवट वाक्य आठवतं. त्याचा राग येतो मला. पुढच्या आठवड्यात पुरं करता आलं असतं तुला, पण तुला जायची घाई.

काल मावशीचा फोन आला. कांजीचं पाणी तिच्या शेजारच्या रमेशच्या स्वैपाकघरात चढलं होतं आणि रमेश तिच्या दारात येऊन उभा होता. मी म्हणालो असतो, तब्येत बरी नाही. म्हणायला तोंड उघडलंही. पण वहिनीला उत्तर द्यायचं होतं, आणि मशीन गेलं तर माझ्या हातात काय राहतं? त्याच कामट्या, तेच तेजाब, आणि एखाद्या दिवशी कामटी मोडली की चेंबरच्या तोंडाशी उभा राहून आत बघणं. आता तू नाहीस, म्हणजे बघणारा मी आणि उतरणारा पण मी. इकडे स्प्रिंग, तिकडे चेंबर. दोन्हीकडून मला थंडी वाजत होती, आणि ऊन तर असं होतं की तापीतले मासे सावली शोधत काठावर आले असते.

वहिनीनं चादर काढून घडी घातली. मी मशीन गाडीवर चढवलं.

नाली शेवटी मोकळी झाली, हे आधीच सांगतो, उगाच तुझा जीव टांगणीला नको. आणि खंडव्याच्या माणसाला मी आज सकाळी स्वतः फोन करून नाही म्हणालो. वहिनी शेजारीच उभी होती. दोघांचा भाग पहिल्यासारखाच, तुझा आता वहिनीला, आणि मोठं मशीन नंतर. आधी जोडीला एक माणूस बघतोय. का, ते आता ऐक.

खालच्या चेंबरवर मी रमेशला उभा केला, पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडून, रागानं लाल. त्याला म्हटलं, तोंड दिसलं की "आली" म्हणायचं. मग मी वरच्या चेंबरवर आलो आणि मशीन ठेवलं. कुठं ठेवलं विचार. वायर पुरली तेवढं लांब. तू किती वेळा सांगितलंस, मशीन नालीच्या तोंडापासून हातभर, लांब ठेवलं की स्प्रिंगला नाचायला जागा मिळते. मी स्वतः हे टपरीवर लोकांना समजावून सांगितलंय, हातवारे करून. पण पाय ऐकतात का? डोक्याला माहीत होतं जवळ ठेवायचं, आणि पायांनी मला नेऊन भिंतीला लावलं.

मावशी दारात कांड्या भरत बसलेली. चाकाची कुरकुर चालू. मी चामड्याचे हातमोजे चढवले, तुझेच, आत तुझ्या बोटांची घडी अजून होती. पेडल दाबलं. "येतेय!" म्हणून ओरडलो. आवाज माझा नव्हता, कुणीतरी बकरीला पिळलं होतं. स्प्रिंग सरसर आत गेली, गेली, गेली, आणि अडकली. सूत. आता थांबायचं, ओढायचं, कापायचं. सगळं पाठ. आणि पाय उचलेना. तो घाबरून तिथंच चिकटला. मशीन फिरतंय, तोंड आत अडकलेलं, तो सगळा पीळ मधल्या मोकळ्या जागेत चढत गेला आणि स्प्रिंग जमिनीवरून उठली. मग तो अजगर, तो फणा. मावशीचं चाक थांबलं. "पाय काढा! ओ मिस्त्री!"

मला तुझं मनगट दिसलं.

आणि मी पळालो. पाय काढला नाही, लोटन, आख्खा मीच निघालो, तर पाय बिचारा एकटा कशाला राहतोय. उद्या टपरीवर सांगीन की मी राजपुऱ्याच्या दरवाज्यापर्यंत जाऊन पोचलो आणि वाटेत दोन मोटरसायकलींना मागं टाकलं. तुला खरं सांगतो, गल्लीच्या तोंडाशी सार्वजनिक नळ आहे, तिथपर्यंत. नळाला दोन्ही हातांनी धरून उभा राहिलो. मागं सगळं शांत झालं होतं. पेडल सुटल्याबरोबर मशीन बंद पडलं होतं आणि स्प्रिंग मेल्यासारखी अंगणात पसरली होती. मागच्या गल्लीतून रमेश तेवढा ओरडत होता, "आली का? अरे, आली का नाही?"

छाती इतकी उडत होती की नळाला ते कळलं असणार. परत जावं की तसंच घरी, हा विचार मी तिथं खूप वेळ केला. मशीन तिथं होतं. तुझे हातमोजे माझ्या हातात होते. शेवटी एका चपलेनं परत आलो, कारण दुसरी अंगणातच राहिली होती. मावशी माझ्याकडे बघत होती. मी कंबरेवर हात ठेवले, घसा साफ केला आणि म्हणालो, "काही नाही मावशी, लांबून आवाज ऐकावा लागतो मशीनचा. जवळून मोटरचा दोष कळत नाही."

मावशी खाली बसली. भरलेली कांडी काढली, नवी लावली, सुताचं टोक ओठांनी ओलं केलं.

"लोटन बी तिथपर्यंतच पळायचा," ती म्हणाली. "त्या नळापर्यंत. दर वेळी."